वाचकांचे प्रश्न : माउंटन बाइकचे वजन खरेच वाढले आहे का?

प्रश्न : १९९६ साली अमेरिकेत शिकत असताना मी ॲल्युमिनियमच्या फ्रेमची एक माउंटन बाइक घेतली होती आणि परत येताना ती खोक्यात भरून पुण्याला आणली. ती अजून उत्तम चालते. अलीकडे माझ्या मुलाने नवी बाइक घेतली. तिची फ्रेम कार्बन फायबरची आहे, पुढे-मागे शॉकअप आहेत आणि तेवढ्या पैशांत एक चांगली मोटारसायकल आली असती. सहज म्हणून दोन्ही सायकली एकाच काट्याला टांगून पाहिल्या, तर माझी साडेअकरा किलो भरली आणि त्याची साडेचौदा. तीस वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणतात, मग वजन वाढले कसे? मुलाला दुकानदाराने फसवले तर नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला काटा बरोबर आहे आणि मुलाला कोणी फसवलेलेही नाही. ‘माउंटन बाइक’ या नावाने आज जी मध्यम ते वरच्या दर्जाची सायकल विकली जाते, ती १९९० च्या दशकातील त्याच तोलाच्या सायकलीपेक्षा साधारणपणे दोन ते चार किलोंनी जड असते, ही वस्तुस्थिती आहे. मात्र त्यावरून तंत्रज्ञान मागे गेले असे म्हणता येणार नाही, कारण या दोन सायकलींचे नाव एक असले तरी त्यांच्याकडून अपेक्षित असलेले काम एक नाही. आपली सायकल मुख्यतः चढ चढण्यासाठी बनलेली आहे आणि उतार तिच्यावरून स्वाराने आपल्या हिमतीवर उतरायचा आहे. मुलाची सायकल खडकाळ उतार वेगाने उतरता यावा म्हणून बनलेली आहे आणि तिने चढही बऱ्यापैकी चढावा एवढी सोय तिच्यात ठेवलेली आहे.

शिवाय ‘जुनी’ म्हणजे किती जुनी, हेही आधी ठरवावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या काळातील श्विन कंपनीच्या जाड टायरांच्या सायकली भंगारातून मिळवून कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत असत. फेअरफॅक्स गावाजवळच्या ‘रिपॅक’ या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटर अंतरात सुमारे ४०० मीटर खाली येणारा तो रस्ता होता आणि सायकलींना ब्रेक होता तो फक्त मागच्या हबमधला, म्हणजे पॅडल उलटे फिरवले की लागणारा. एका उतारातच हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन बाहेर पडे, आणि पुढच्या फेरीआधी तो खोलून पुन्हा ग्रीसने भरावा लागे. या सायकली २० ते २३ किलोंच्या असत. त्या वर नेण्यासाठी एखादी पिकअप गाडी पाहावी लागे, नाहीतर हाताने ढकलत न्यावे लागे. तेव्हा सगळ्यात जुनी माउंटन बाइक हलकी होती, असे मुळीच नाही.

वजन उतरले ते त्यानंतर, आणि झपाट्याने उतरले. त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये मिश्र पोलादाच्या नळ्यांची खास फ्रेम बनवली. ती सायकल सुमारे १७ किलोंची झाली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजम्पर ही सायकल जपानमध्ये बनवून घेऊन मोठ्या संख्येने विक्रीस आणली, तिचे वजन १३ किलोंच्या आसपास होते. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला आणि तोपर्यंत शर्यतीच्या सायकली १० ते ११ किलोंवर येऊन पोहोचल्या होत्या. आपली सायकल नेमकी या सर्वात हलक्या काळातली आहे. त्यामुळे आपली तुलना थोडी एकतर्फी ठरते. १९८१ ची सायकल काट्याला लावली असती तर मुलाच्या सायकलीतला आणि तिच्यातला फरक दीड किलोचाच निघाला असता.

त्या काळात हलकेपणाचे वेड फार होते. लोक पोलादी नटबोल्ट काढून टायटॅनियमचे बसवत, हँडलची दोन्ही टोके करवतीने कापून टाकत आणि यंत्रावर कोरलेले रंगीत ॲल्युमिनियमचे ब्रेक-लिव्हर व क्रँक हौसेने विकत घेत. त्यांतले बरेच सुटे भाग एका हंगामातच तडकत. आपली सायकल तीस वर्षे टिकली याचे श्रेय आपल्या निगराणीला आणि कदाचित असे भाग न बसवण्याच्या आपल्या शहाणपणाला द्यावे लागेल. पुढे युरोपात २००५ मध्ये माउंटन बाइकसाठी ईएन १४७६६ हे स्वतंत्र सुरक्षा-मानक आले आणि नंतर २०१४ च्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची जागा घेतली. या मानकांत फ्रेमवर आणि चिमट्यावर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या भागावर, आघात करून, तसेच हजारो वेळा दाब देऊन चाचणी घेतली जाते. तेव्हाचे काही नाजूक भाग या चाचण्यांत टिकले असते असे मला वाटत नाही.

आता आपल्या घरातले तीन किलो कोठे आहेत ते पाहू. सर्वात मोठा वाटा अर्थातच शॉकअपचा आहे. रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा माउंटन बाइकसाठीचा पुढचा शॉकअप १९८९ मध्ये बाजारात आला. तो जेमतेम दोन इंच दबत असे आणि त्याच्या नळ्या एक इंच जाडीच्या होत्या. आपल्या सायकलीला तशाच घराण्यातला शॉकअप असेल तर तो पन्नास-साठ मिलिमीटर दबत असेल आणि त्याचे वजन दीड किलोच्या आत असेल. मुलाच्या सायकलीचा पुढचा शॉकअप १४० ते १५० मिलिमीटर दबतो, त्याच्या नळ्या ३५-३६ मिलिमीटर जाड आहेत आणि तो दोन किलोंच्या घरात जातो. म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक वजन येथेच वाढले. मागच्या बाजूला फरक याहून मोठा आहे. आपली फ्रेम म्हणजे एकसंध जोडलेला सांगाडा आहे, तिचे वजन पावणेदोन किलोंच्या आसपास असेल. मुलाच्या फ्रेमचा मागचा भाग वेगळा हलतो; त्यासाठी सांधे, आठ-दहा बेअरिंगे, आस आणि स्वतः शॉकअप एवढे सगळे लागते. फ्रेम कार्बनची असूनही हे सर्व धरून तीन किलोंच्या जवळ जाते. ॲल्युमिनियमची असती तर आणखी अर्धा ते पाऊण किलो वाढला असता. कार्बनने वजन कमी केलेलेच आहे. पण कमी केलेले वजन नव्या कामाने लगेच वापरून टाकले.

दुसरा मोठा वाटा टायरांचा आहे, आणि तो लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्या २६ इंची चाकाच्या रिमवर टायर जेथे बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर आहे. मुलाच्या २९ इंची चाकाचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त आहे. त्यामुळे रिम, आरे आणि टायर हे सगळेच लांबीने वाढले. आपला टायर दोन इंच रुंद आणि पाच-साडेपाचशे ग्रॅमचा असेल; मुलाचा टायर २.४ इंच रुंद, जाड भिंतींचा आणि हजार ग्रॅमच्या आसपासचा असतो. दोन्ही टायर हातात घेऊन कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. जुन्याची कड कागदासारखी दुमडते, नव्याची सहज दबत नाही, कारण टोकदार दगडावर रिम आणि दगड यांच्यामध्ये टायर चिरडू नये यासाठी तेथे जास्तीचे रबर आणि कापडाचे थर घातलेले असतात. नव्यात ट्यूब नसते, तिच्याऐवजी भोके बुजवणारे द्रव घातलेले असते. ट्यूबचे दोन-अडीचशे ग्रॅम वाचले तरी एकंदर हिशेबात टायरांमुळे सहा-सातशे ग्रॅम वाढतातच. याच्या बदल्यात हवा कमी ठेवून चालवता येते आणि पकड वाढते. मला विचाराल तर या तीस वर्षांतली सगळ्यात मोलाची सुधारणा शॉकअप नसून टायर आहे.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत. हायड्रॉलिक डिस्क-ब्रेक जुन्या रिमवरच्या ब्रेकपेक्षा थोडे जड असतात, परंतु चिखलात त्यांचे काम बंद पडत नाही आणि ब्रेकशू घासून घासून रिम झिजत नाही. बटण दाबताच सीट खाली जाते तो दांडा साध्या दांड्यापेक्षा तीन-चारशे ग्रॅमने जड असतो. तो नको म्हणणारा एकही स्वार मला पाऊलवाटेच्या उतारावर भेटलेला नाही. हँडल ५६०-५८० मिलिमीटरवरून ७६०-८०० मिलिमीटरपर्यंत रुंद झाले आहे, आणि पुढचे चाक स्वाराच्या पुढे ढकललेले असल्यामुळे सायकलीची लांबीही वाढली आहे. आपल्या सायकलीचा पुढचा चिमटा जमिनीशी ७१ अंशांच्या आसपास कोन करतो, मुलाच्या सायकलीत तो ६५ अंशांच्या जवळ असेल. त्यामुळे पायरीसारख्या उतारावर आपण हँडलवरून पुढे फेकले जाण्याची जी भीती असते, ती त्याला बरीच कमी असते. केवळ गिअरच्या बाबतीत वजन घटले आहे: पुढच्या तीन दातेरी चकत्यांच्या जागी एकच आली, पुढचा गिअर बदलणारी यंत्रणा आणि डाव्या हातातला खटका गेला. मागे बारा चकत्यांचा मोठा संच बसवूनही दोन-तीनशे ग्रॅम वाचतात. ही सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर तीन किलोंच्या आसपासचाच आकडा येतो.

खरी तुलना समान कामाच्या सायकलींची केली तर उत्तर उलटे येते. मागे शॉकअप नसलेली, केवळ शर्यतीसाठी बनवलेली आजची महागडी सायकल मोठी चाके, डिस्क-ब्रेक आणि १०० मिलिमीटरचा पुढचा शॉकअप असूनही साडेआठ ते साडेनऊ किलोंत बसते. दोन्हीकडे शॉकअप असलेली शर्यतीची सायकल साधारण साडेदहा ते बारा किलोंत येते, म्हणजे आपल्या १९९६ च्या सायकलीएवढीच. केवळ उतारासाठीच्या सायकली तर स्पष्टपणे हलक्या झाल्या आहेत. २००० च्या सुमारास त्या १९ ते २२ किलोंच्या असत, आज त्या साडेपंधरा ते साडेसतरा किलोंत मिळतात आणि अधिक मजबूतही असतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची किमान मर्यादा आहे, माउंटन बाइकला तशी कोणतीही मर्यादा नाही. तरीही संघ वजन आणखी खाली नेण्यामागे लागत नाहीत, यातच बरेचसे उत्तर आहे.

शर्यतींचे स्वरूपही बदलले. अटलांटात १९९६ मध्ये नेदरलँड्सचे बार्ट ब्रेंटजेन्स यांनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्यांना २ तास १७ मिनिटे लागली होती. लंडनमध्ये २०१२ साली चेक प्रजासत्ताकाचे यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी १ तास २९ मिनिटांत शर्यत संपवली, आणि स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टर यांना एका सेकंदाने मागे टाकले. कुल्हावी यांची सायकल २९ इंची आणि दोन्हीकडे शॉकअप असलेली होती, शुर्टर यांच्या सायकलीला मागचा शॉकअप नव्हता. एका सेकंदावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. परंतु चार वर्षांनी रिओमध्ये शुर्टर यांनी सुवर्णपदक जिंकले ते २९ इंची आणि दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलीवर, ही गोष्ट बोलकी आहे. शर्यत आखूड झाली, वाटेत मुद्दाम खडक आणि उड्या आल्या, आणि अशा वाटेवर चाक जमिनीला धरून राहणे हे अर्ध्या किलोच्या बचतीपेक्षा महत्त्वाचे ठरू लागले.

प्रश्न : माझी माउंटन बाइक १४ किलोंची आहे आणि मी सुट्टीच्या दिवशी ती घेऊन साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने कासला जाते. हलकी चाके आणि काही सुटे भाग बसवून दोन किलो कमी होतील असे दुकानात सांगितले, पण त्याचा खर्च चाळीस हजारांच्या वर जातो. घाटात किती फरक पडेल?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : हा हिशेब कागदावर करता येतो, आणि खर्च करण्यापूर्वी तो करावा. वस्तू वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. आपण, सायकल आणि पाणी मिळून ७५ किलो धरू, चढ ४०० मीटरचा धरू आणि आपण सलगपणे १२० वॉट एवढी शक्ती लावता असे मानू. नियमित सायकल चालवणाऱ्या व्यक्तीला ते जमण्यासारखे आहे. तर केवळ उंची चढण्यासाठी सुमारे ४१ मिनिटे लागतात. दोन किलो कमी झाले की त्यांतला एक मिनिट आणि वर पाच सेकंद वाचतात. चाळीस हजार रुपयांत एक मिनिट, असा हा व्यवहार आहे.

याच्या शेजारी टायरांचा हिशेब ठेवून पाहावा. जाड, मऊ रबराचे, उंच दातांचे टायर डांबरी रस्त्यावर फार ओढतात. झटपट चालणारा टायर आणि असा टायर यांच्या घर्षण-गुणांकात ०.००५ एवढा फरक सहज पडतो. ७५ किलोंवर आणि २० किलोमीटरच्या डांबरी रस्त्यावर त्याची किंमत सुमारे ७४ हजार ज्यूल, म्हणजे त्याच १२० वॉटच्या दराने जवळजवळ दहा मिनिटे होते. आपला बहुतेक प्रवास डांबरावरून असेल तर बारीक दातांचे टायर घालून योग्य हवा भरणे हा चाळीस हजारांच्या तुलनेत क्षुल्लक खर्च आहे, आणि फायदा मात्र अनेक पटींनी आहे.

चाकाचे वजन दुप्पट धरायचे असते असे दुकानात सांगितले गेले असण्याची शक्यता आहे. ते अर्धेच खरे आहे. रिमच्या कडेवरचे वस्तुमान पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून वेग वाढवताना त्याला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. घाटात आपण एकसारख्या वेगाने जाता, तेव्हा चाकातले एक किलो आणि पाठीवरच्या पिशवीतले एक किलो यांत काहीही फरक नसतो. वळणावळणाच्या पाऊलवाटेवर, जेथे दर दहा पावलांवर थांबून पुन्हा वेग घ्यावा लागतो, तेथे हलके चाक जाणवते.

एका प्रसंगी मात्र प्रत्येक किलो पुरेपूर मोजावा लागतो. सह्याद्रीतल्या वाटांवर खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि मोठे धोंडे आले की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अशा वाटांवर वारंवार जाणार असाल तर हलक्या सायकलीसाठी पैसे घालण्याला अर्थ आहे. त्यातही मागच्या शॉकअपची सायकल खांद्यावर नीट बसत नाही, हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : मुलीसाठी वीस हजारांच्या आत माउंटन बाइक घ्यायची आहे. तिला दोन्हीकडे शॉकअप असलेली आवडली आहे, पण उचलून पाहिली तर फार जड वाटली. पूर्वीच्या रेंजर सायकलीही एवढ्या जड होत्या का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : त्याही जडच होत्या, त्या साध्या पोलादी नळ्यांच्या होत्या. पण त्यांच्यात मोडण्यासारखे फार काही नव्हते. आपण पाहिलेल्या सायकलीचे वजन बहुधा १७-१८ किलोंच्या घरात असेल, आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ज्या वाढलेल्या वजनाची मी बाजू घेतली, त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही. चांगल्या सायकलीत शॉकअपच्या आत हवा आणि तेल असते. हवा दाब पेलते, तेल उसळी आवरते आणि स्वाराच्या वजनाप्रमाणे दोन्ही जुळवून घेता येतात. या किमतीच्या सायकलीत मागे नुसती एक स्प्रिंग असते. ती आवरणारे काही नसल्यामुळे प्रत्येक पॅडलबरोबर सायकल वरखाली डुलते आणि मुलीची निम्मी मेहनत त्या डुलण्यात जाते. वर्षभरात मागचे सांधे सैल होऊन खडखडू लागतात आणि सायकलच्या दुकानात त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत.

पुढच्या शॉकअपबद्दलही तेच. या दर्जाचा पोलादी नळ्यांचा स्प्रिंगवाला शॉकअप अडीच किलोंच्या आसपास भरतो, तर साधा चिमटा किलो-सव्वाकिलोचा असतो. शाळा-क्लासला जाणे आणि खड्ड्यांचे रस्ते एवढाच उपयोग असेल तर साधा चिमटा, दोन इंची रुंद टायर आणि त्यांत थोडी कमी हवा यांनी काम अधिक चांगले होते. मजबूत, हलके आणि स्वस्त यांपैकी कोणतीही दोनच निवडा, असे अमेरिकेतले फ्रेमकर्ते कीथ बाँट्रेगर यांच्या नावावर सांगितले जाते. वीस हजारांत स्वस्त हे ठरलेलेच आहे, तेव्हा उरलेल्या निवडीत मजबुतीला मत द्यावे आणि जेवढे भाग कमी तेवढे बरे असे समजावे. मुलीला दोन शॉकअप हवेच असतील तर तिला दोन्ही सायकली दुकानासमोरच्या चढावर चालवून पाहू द्याव्यात. निर्णय बहुधा तीच बदलेल.

प्रश्न : कंपनीच्या पत्रकात माझ्या बाइकचे वजन १३.२ किलो दिले आहे आणि घरी ते १४.१ भरते. तक्रार करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तक्रारीचा उपयोग होणार नाही. पत्रकातले वजन बहुतेक वेळा पॅडलशिवाय आणि बऱ्याचदा लहान मापाच्या फ्रेमचे असते. सपाट पॅडलांची जोडी साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमची असते, मोठ्या मापाच्या फ्रेमने दोन-अडीचशे ग्रॅम वाढतात, आणि पत्रकात ट्यूब नसलेले टायर धरून दुकानातून मात्र ट्यूब घालून सायकल मिळाली असेल तर आणखी दोनशे. आपले नऊशे ग्रॅम येथेच संपले. घरी मोजताना प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा सीटच्या पुढच्या टोकाखाली अडकवावा, दोन्ही चाके जमिनीवरून पूर्ण उचलावीत, झुलणे थांबल्यावर आकडा पाहावा आणि बाटली, पिशवी, दिवे काढून ठेवावेत. दोन सायकलींची तुलना करायची तर दोन्ही पॅडलसह किंवा दोन्ही पॅडलशिवाय मोजाव्यात. जुन्या काळची पत्रकेही याच पद्धतीने लिहिलेली असत, त्यामुळे नव्या सायकलीचा काट्यावरचा आकडा आणि जुन्या सायकलीचा कागदावरचा आकडा शेजारी ठेवून चर्चा करू नये.

प्रश्न : बॅटरीवर चालणाऱ्या माउंटन बाइकही याच हिशेबात धरायच्या का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : धरू नयेत. मोटर अडीच-तीन किलोंची, बॅटरी तीन-चार किलोंची आणि त्यांना पेलणारी मजबूत फ्रेम मिळून अशी सायकल सहसा २० ते २५ किलोंची होते; म्हणजे पुन्हा रिपॅकवरच्या सायकलींएवढी. पण तिचे वजन चढावर मोटर वाहते. उतारावर तर जड फ्रेम आणि तुलनेने हलकी चाके हे प्रमाण शॉकअपला मानवते. केवळ उतारावर शर्यत करणारे काही संघ फ्रेमच्या तळाशी मुद्दाम वजन बांधून प्रयोग करतात. अडचण येते ती बॅटरी संपल्यावर, किंवा ती सायकल जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यावी लागते तेव्हा.

प्रश्न : माझ्याकडेही २६ इंची जुनी माउंटन बाइक आहे. फ्रेम हलकी आणि सुस्थितीत आहे. तिला नवे टायर मिळतील का, की काढून टाकावी?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : काढून टाकू नका. २६ इंची चाक परदेशांत मागे पडले असले तरी आपल्याकडच्या साध्या सायकलींत ते अजून सर्रास वापरले जाते, त्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळते. विकत घेताना एवढेच पाहावे की २६ इंच या एकाच मापाखाली वेगवेगळ्या व्यासांच्या रिमा येतात. टायरच्या बाजूवर २६ × १.९५ किंवा २६ × २.१० असे दशांशात लिहिलेले असेल तर तो आपल्या रिमचा आहे आणि त्याच्याजवळ ५५९ हा आकडाही उठवलेला असतो. २६ × १⅜ असे अपूर्णांकात लिहिलेले असेल तर तो ५९० मिलिमीटरच्या रिमचा, म्हणजे जुन्या लेडीज सायकलीचा टायर आहे, आणि तो आपल्या चाकावर बसणार नाही. टायर बदलण्यापूर्वी हँडल आणि त्याला फ्रेमशी जोडणारा दांडा यांवर तडे आहेत का, हे कापडाने पुसून उजेडात नीट तपासावे. इतक्या जुन्या हलक्या सायकलीत हे दोन भाग तडा नसला तरी बदलून घेतलेले चांगले. ब्रेकशू कडक झाले असतील तर तेही बदलावेत, आणि जुन्या रिमची ब्रेक घासणारी बाजू बोटाला खोलगट लागली तर रिमही बदलावी.